भाव त्याच्या नावावर, हप्ता तिच्या नावावर
राळेगाव पट्ट्यातल्या एका कोरडवाहू घराचं प्रकरण

कापसाचा भाव पडला की बातमी शेतकऱ्याची होते. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, बाजारात ज्याची गाडी, चुकारा म्हणजे मालाचे पैसे ज्याच्या खात्यात, त्याचं नुकसान सगळ्यांना दिसतं. त्याच घरातल्या बाईवर काय आलं हे कळायला घराचा हिशोब दुसऱ्या बाजूनं उघडावा लागतो. तसा तो उघडला की मला एकच गोष्ट ठळक दिसते: मंदी घरात येते नवऱ्याच्या मालाच्या भावातून, पण तिची भरपाई होते बायकोच्या मजुरीच्या दिवसांतून, तिच्या गळ्यातल्या पोतीतून आणि तिच्या नावावर काढलेल्या कर्जातून.

खालचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव पट्ट्यातलं प्रातिनिधिक घर आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि घरातले आकडे या भागातल्या चार एकर कोरडवाहूला धरून, गोल करून मांडले आहेत. हमीभाव, नियम आणि सरकारी तारखा मात्र आहेत तशाच.

घर पाच माणसांचं. नवरा, बायको, सासू, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. तीन एकरांत कपाशी आणि तिच्यात तूर, एका एकरात सोयाबीन. सातबारा नवरा आणि त्याच्या भावाच्या नावानं सामाईक. बाई चाळिशीच्या आतल्या. घरच्या शेताची सगळी निंदणं-वेचणी त्याच करतात, उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं जातात, आणि दुपारी वेळ मिळाला तर ब्लाऊज शिवतात. बचत गटात त्या सुरुवातीपासून आहेत.

दहा हजारांची आशा

२०२१ च्या दिवाळीत या घरानं कापूस ८,००० रुपये क्विंटलनं विकला आणि समाधान मानलं. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये ज्यांनी माल ठेवला होता त्यांना १०,००० च्या वर मिळाले. हमीभाव तेव्हा लांब धाग्याला ६,०२५ होता. गावातल्या प्रत्येक पारावर तेवढी एकच गोष्ट चालली होती, आणि पुढच्या वर्षी काय करायचं हे त्या गोष्टीनंच ठरवून टाकलं.

त्या भरात एप्रिल २०२२ मध्ये बाईंच्या नावानं पहिलं कर्ज आलं. मायक्रोफायनान्स कंपनीचं, पाच बायकांच्या गटातून, ४०,००० रुपये, दोन वर्षं, साधारण २४ टक्के व्याज. हप्ता २,११५. कारणाच्या रकान्यात 'शिलाई काम' लिहिलं. मोटारीची शिलाई मशीन आली हे खरं, पण तिला बारा हजार लागले. बाकीच्यातून गोठ्यावर टिना पडल्या आणि नवऱ्याच्या मोटारसायकलची सुरुवातीची रक्कम भरली. अशी कर्जं बहुतेक बायकांनाच देतात. त्या गावात राहतात, बैठकीला येतात आणि चारचौघींत नाव खराब होऊ देत नाहीत, हे देणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग जुलै-ऑगस्टच्या अतिवृष्टीत कपाशी पिवळी पडली. तीन एकरांत १४ क्विंटल निघाला. डिसेंबरात भाव ८,५०० च्या आसपास होता. विकून टाकू, असं बाईंचं म्हणणं. नवरा म्हणाला, "थांब न थोडी, दहाच्या वर जाईनच. कापूस का सडते?"

भाव का चढत नव्हता याचं उत्तर राळेगावात नव्हतंच. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस पौंडाला दीड डॉलरच्या वर जाऊन आला होता आणि वर्षअखेर तो एका डॉलरच्या बराच खाली होता. युक्रेन युद्धानंतर युरोप-अमेरिकेत महागाई वाढली, लोकांनी कपडे घेणं कमी केलं, आपल्याकडच्या सूतगिरण्यांनी उत्पादन आवरलं. हे सगळं घडून गेलं होतं तेव्हा गावातला कापूस खोलीत भरला जात होता.

ती खोली डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्यांच्या घरातली आतली खोली, छतापर्यंत कापूस. माणसं पाच, निजायला बाहेरची खोली आणि ओसरी. फेब्रुवारीनंतर ऊन वाढलं आणि कापसातून बारीक कीड, धूळ उठायला लागली. २०२३ च्या उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत घरात साठवलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटली, पुरळ उठले, त्याच्या बातम्याही आल्या. इथे पोराच्या हातांवर आणि मानेवर लाल चट्टे आले, सासूबाई रात्र रात्र अंग खाजवत बसत. अंथरुणं रोज उन्हात टाकणं, कपडे उकळत्या पाण्यात काढणं, पोराला घेऊन दवाखान्यात जाणं, हे काम कोणाच्या वाट्याला आलं हे विचारायला नको. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं निघाली. भाव चढेल म्हणून माल घरात ठेवायचा ठरतो तेव्हा त्या २८९ मध्ये आणखी भर पडते, आणि तिचा खर्च शेतीच्या कुठल्याच हिशोबात लागत नाही.

थांबण्याला आणखी एक खर्च होता. माल विकला नाही तरी वेचणाऱ्या बायांचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्यावेच लागतात. त्या बाजाराच्या दिवशी किराणा घेतात. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून ३०,००० उचलले, दीड वर्षासाठी, हप्ता २,०००. हेही बाईंच्याच नावानं.

स्वस्त कर्ज गेलं, महाग आलं

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तारीख ३१ मार्च २०२३ आहे, आणि त्या दिवशी घरात काहीच घडलं नाही. नवऱ्याच्या नावावर बँकेचं ८०,००० चं पीककर्ज होतं. मुदतीत भरलं असतं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्य पडलं असतं आणि जूनमध्ये नवं कर्ज उचलता आलं असतं. कापूस खोलीत होता, हातात पैसा नव्हता. मुदत गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरणी तोंडावर आली तेव्हा तोच कापूस ७,००० नं गेला. वाळून वजन घटलं होतं. १४ चे १३.३ क्विंटल भरले. ९३,१०० रुपये आले. डिसेंबरात विकला असता तर १,१९,००० आले असते. आलेल्यातून कृषी केंद्राची मागची उधारी, मोटारसायकलचे थकलेले हप्ते, किराणा आणि हातउसने गेले. बँकेचे ८०,००० तसेच राहिले.

बियाणं-खताला पैसा हवा होता. बाईंची एक तोळ्याची पोत गहाण पडली, ३५,००० मिळाले. आणि तिसऱ्या कंपनीचं २५,००० चं कर्ज आलं, दोन वर्षांचं, हप्ता १,३२२.

इथे थोडं थांबून बघायला हवं. शून्य टक्क्याचं कर्ज नवऱ्याच्या नावावर होतं, ते हातचं गेलं. त्याची जागा घेतली बायकोच्या नावावरच्या २४ टक्क्यांनी आणि बायकोच्या सोन्यानं. पीक, जमीन, चुकारा सगळं त्याच्याकडेच राहिलं. भांडण नाही, जबरदस्ती नाही, कोणी कोणाला फसवलं नाही. नवरा व्यसनी नाही, मारत नाही, हंगामात जिनिंगमध्ये हमाली करतो. मुद्दाम सांगतो, कारण असं प्रकरण मांडलं की ऐकणारा आधी नवऱ्यात खोट शोधतो. इथे खोट व्यवस्थेच्या बांधणीत आहे. बँक जमिनीकडे बघून पैसा देते, आणि जमीन त्याची. कंपनी बाईच्या अब्रूकडे बघून पैसा देते, आणि अब्रू तिची. जमिनीवरचं कर्ज थकलं तर नोटीस येते, कधी माफीही येते. अब्रूवरचं कर्ज थकलं तर माणूस अंगणात येऊन बसतो.

मजुरीचा दर पडत नाही, दिवस पडतात

बाईंची स्वतःची कमाई या काळात कशी बदलली ते बघा. २०२१-२२ मध्ये निंदणाचे ४५ दिवस मिळाले, २०० रुपये रोजीनं ९,००० झाले. वेचणीचे ३५ दिवस, रोज सरासरी ४० किलो, किलोला १० रुपये, म्हणजे १४,०००. एकूण २३,०००. २०२३-२४ मध्ये निंदणाची रोजी २२० झाली, पण दिवस २२ उरले: ४,८४०. वेचणीचे २४ दिवस, बोंडं बारीक म्हणून रोज ३२ किलो, दर ९ रुपये: ६,९१२. एकूण पावणेबारा हजार. कमाई निम्म्यावर आली, आणि मजुरीचे दर बघून कोणी निष्कर्ष काढला असता तर फार काही बिघडलेलं दिसलं नसतं.

दिवस गेले कुठे? तणनाशकात. एक एकर निंदायला आठ-दहा बाया लागतात, म्हणजे दोन हजार रुपये. फवारणीत तेच काम हजाराच्या आत होतं. कापूस दहा हजारांनी जात होता तेव्हा शेतकरी बाया लावत होता. सात हजारांवर आला तसा तो पंपाकडे वळला. त्याच्या बाजूनं हिशोब बरोबर आहे, मी त्याला दोष देणार नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला देशात मंजुरी नाही, तरी विदर्भात ते चोरून येतं आणि खपतं, त्यामुळे उभ्या पिकातही फवारणी होते. पण फवारायला पुरुष जातो, त्याला ३५० रोजी मिळते, आणि निंदणाचे बायांचे दिवस संपतात. पुढे २०२४ मध्येही बाईंना निंदणाचे वीसच दिवस मिळाले. भाव सुधारला तरी हे दिवस परत येतील असं मला वाटत नाही. ज्यानं एकदा पंप घेतला तो पुन्हा बाया शोधत फिरत नाही.

वेचणीचा दिवस कसा जातो हे शहरातल्या वाचकाला ठाऊक नसतं. सकाळी दव असताना निघायचं, लुगड्याचा ओटा कमरेला बांधायचा, दोन्ही हातांनी बोंडं खुडत तास, म्हणजे कपाशीची ओळ, धरायचा. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांजवळची कातडी फाटते. ओटा भरला की गंजीवर रिकामा करायचा, पुन्हा तास. संध्याकाळी धुऱ्यावरच्या कडूनिंबाला काटा टांगतात. प्रत्येकीचं गाठोडं काट्याला लागतं, मेट, म्हणजे बायांची मुकादम, वहीत आकडा लिहिते. भाव चढा असताना मालक काट्याकडे फार बघत नाही. २०२३ च्या हंगामात काट्यावर वाद व्हायला लागले: कापूस ओला आहे, कवडी (किडका, डागी कापूस) जास्त आहे, किलोभर कापा. गाठोड्यामागे किलो कापला की नऊ रुपये गेले. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला आणि उरलेल्या वेचणीचा दर ठरवण्यावरूनच दोन दिवस काम बंद राहिलं.

शिलाईचंही तेच. हंगाम बुडाला की नवीन ब्लाऊज शिवणं आधी थांबतं. त्या वर्षी मशीनवर सहा हजार मिळाले, तेही बहुतेक फॉल-पिको आणि जुन्याची दुरुस्ती.

गंमत अशी की सरकारी पाहणीत ही बाई या सगळ्या काळात 'कामात' आहे. ग्रामीण भागात पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के झाला. त्या वाढीचा मोठा भाग घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्यांचा आणि स्वतःचं किरकोळ काम करणाऱ्यांचा आहे. रोजी मिळेनाशी झाल्यावर बाई घरच्या शेतात जास्त राबते, शेळ्या पाळते, दुपारी शिवते. काम वाढतं आणि हातात येणारा पैसा घटतो. पाहणीत यातलं पहिलंच दिसतं.

२०२३-२४ चा घराचा ताळेबंद असा: शेतीतून खर्च वजा जाता ३८,०००, बाईंची मजुरी पावणेबारा हजार, शिलाई ६,०००, नवऱ्याची जिनिंगची हमाली २८,०००. महिन्याला जेमतेम ७,०००. तिन्ही कंपन्यांचे हप्ते मिळून ५,४३७. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम सांगतो की घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये. इथे शंभरातले अठ्ठ्याहत्तर जात होते. नियम कागदावर मोडला नव्हता, कारण तिसऱ्या कर्जाच्या फॉर्मवर घराचं उत्पन्न महिना २०,००० लिहिलेलं होतं. बाईंनी सही केली होती, आकडा वाचला नव्हता.

काय काय सुटलं

पैसा कमी पडला तेव्हा गोष्टी एका क्रमानं गेल्या, आणि हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी बाईंची रक्तवाढीची औषधं आणि सासूबाईंचं दूध. मग दोन शेळ्या. मग बचत गटाचे महिन्याचे १०० रुपये. हे शेवटचं सगळ्यात घातक होतं. गटातून महिना एक टक्क्यानं कर्ज मिळतं, पण गट दारात येऊन बसत नाही, म्हणून तंगीत कंपन्यांच्या हप्त्यांआधी तेच थांबतं. पाच महिने बचत नाही, बैठकीला जाणं नाही. "पैसे नाही तं कोन्या तोंडानं जाऊ?" चोवीस टक्केवाल्याचा हप्ता मात्र एकही चुकला नाही, कारण तो चुकला तर उरलेल्या चौघींना बसवून ठेवतात. एका बैठकीत दुपारपर्यंत पाचही जणी अंगणात होत्या. पाचपैकी दोघींची त्या दिवसाची रोजी बुडाली. शेजारणीनं उसने दिले तेव्हा सुटका झाली आणि त्या शेजारणीशी बोलणं महिनाभर बंद पडलं.

मुलीची बारावी त्या वर्षी थांबण्याच्या बेतात होती. सासूबाई आडव्या आल्या: "पोरगी शिकन. मी बसतो घरी शेळ्या पाहत." शिकलेली माणसं सासूला खलनायिका करतात; या घरात दोन मोठे निर्णय त्यांनीच वळवले. दुसरा पुढे येतो.

सुटकेची वाट

फेब्रुवारी २०२४ मध्ये उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, ग्रामसंघात (गावातल्या बचत गटांच्या संघात) सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीनं, एक साधी गोष्ट केली. प्रत्येकीच्या कर्जाचा एक कागद: कोणाकडून, किती, किती टक्के, शेवटचा हप्ता कधी. बाईंना तोवर हप्त्याची रक्कम ठाऊक होती. उरलेली मुद्दल ठाऊक नव्हती.

गटानं आधी त्यांची थकलेली ५०० ची बचत भरून घेतली, उरलेली शेळी विकून. मग २०,००० द्यायचे ठरले आणि त्यावर खरी चर्चा झाली. बाईंना पोत सोडवायची होती. लग्नातली पोत, दर पोळ्याला आणि हळदी-कुंकवाला मोकळा गळा घेऊन जावं लागतं, हे दुःख कोणी हसण्यावारी नेलं नाही. पण कागद सांगत होता की सोन्यावरचं व्याज तिसऱ्या कंपनीच्या निम्म्याहून कमी आहे. शेवटी पोतीचं फक्त व्याज भरून मुदत वाढवली, म्हणजे लिलावाची भीती गेली, आणि गटाच्या पैशातून तिसऱ्या कंपनीची उरलेली साधारण १८,००० मुद्दल एकदम फेडली. गटाला नोव्हेंबरपर्यंत फक्त व्याज द्यायचं, महिना २०० रुपये. मुद्दल कापूस निघाल्यावर. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. पैसा जेव्हा येतो तेव्हा मागायचा. महिन्याचा सारखा हप्ता पगारदाराला ठीक आहे. कोरडवाहू घराला मे ते ऑक्टोबर शेतीचं उत्पन्न जवळपास नसतंच.

वसुलीचे नियमही त्या बैठकीत वाचून दाखवले गेले. हप्ता घ्यायची जागा दोघांच्या संमतीनं ठरलेली हवी, कर्जदार लागोपाठ दोन वेळा तिथे आली नाही तरच घरी येता येतं, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येणं किंवा फोन करणं चालत नाही. पुढच्या वेळी साडेआठला आलेल्या माणसाला बायांनी नऊपर्यंत पारावर बसायला सांगितलं.

रोजगार हमीच्या कामासाठी आठ जणींनी ग्रामपंचायतीत लेखी मागणी केली आणि तारखेची पोच घेतली. पोच नसती तर काम द्यायच्या पंधरा दिवसांच्या मुदतीचा हिशोब लागला नसता आणि बेकारी भत्ताही मागता आला नसता. मार्च २०२४ पर्यंत दर २७३ रुपये होता, बाईला आणि पुरुषाला सारखाच. या भागात तेवढ्या एकाच कामावर दोघांची रोजी सारखी असते. काम थोडंच निघालं आणि पैसे उशिरा आले, तरी उन्हाळ्यातला किराणा त्यावर गेला.

एप्रिल २०२४ ला पहिलं कर्ज संपलं, जुलैत दुसरं. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० खात्यात यायला लागले. ते आणखी सहा महिने आधी आले असते तर सरळ हप्त्यात गेले असते. हप्ते संपल्यावर आले म्हणून त्यातून औषधं परत सुरू झाली आणि मुलीच्या कॉलेजच्या येण्याजाण्याचा खर्च निघाला. अशा मदतीचा उपयोग कितपत होतो हे बाईच्या डोक्यावर त्या वेळी किती हप्ते आहेत यावर ठरतं, आणि योजना आखणारे हा प्रश्न विचारताना मला दिसत नाहीत.

२०२४-२५ ला हमीभाव ७,५२१ होता, बाजार सात हजारांच्या आसपास. या वेळी कापूस सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर गेला. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात होते आणि बारापुढे माल घेतच नाहीत, म्हणून बाईंनी आणि मुलीनं तो आठवडाभर उन्हात पसरून वाळवला. ७,४०० च्या आसपास भाव मिळाला. त्यात तुरीचे पैसे घालून मार्च २०२५ मध्ये बँकेचं थकलेलं पीककर्ज फिटलं आणि जूनमध्ये नवं मिळालं. वाळवणं बाईंचं, पण सातबारा, पीकपेरा आणि खातं नवऱ्याचं. तो नसता तर हा कापूस हमीभावानं त्यांना एकटीला विकताच आला नसता.

सातबाऱ्यावर बाईंचं नाव लावण्याचा विषय ग्रामसंघात निघाला होता. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत विदर्भातल्या अनेक घरांनी हे केलेलं आहे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना आठवतं. इथे ते अडलेलं आहे. जमीन भावाभावांत सामाईक आहे, आधी वाटणी व्हावी लागेल, आणि वाटणी म्हटलं की दीर गप्प होतात. नवऱ्याची ना नाही, पण अर्ज अजून तलाठ्याकडे गेलेला नाही.

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क थांबवलं आणि त्याच आठवड्यात गावात भावाची चर्चा पुन्हा सुरू झाली. कोणी म्हणे पडेल, कोणी म्हणे थांबू. या घरात सासूबाईंनी लेकाला समोर बसवून ठरवून घेतलं: बँकेचे पैसे फिटतील एवढा कापूस डिसेंबरातच विकायचा, खोलीत माल भरायचा नाही, आणि उरलेल्या क्विंटल-दोन क्विंटलवर त्याला थांबायचं तेवढं थांबू द्यायचं. पोत अजून गहाणच आहे. तिचं व्याज या वर्षीपासून नवऱ्याच्या खात्यातून जातं.